काऊन पायजे तुले?

लिहिण्याचा मला सराव नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि कॉलेजातही आपलं मराठी चुकेल या भीतीने मागच्या बाकावर गप्प बसणारा. तेव्हा बाईंवर काही लिहिणं हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. त्यांच्या शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसलेली माणसं चंद्रपुरात आहेत. त्यांनी लिहिलं असतं तर ते जास्त बरोबर झालं असतं. पण कुणी लिहिल्याचं ऐकलं नाही, म्हणून मी लिहितो आहे. काही कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

बाईंचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येई. एरवी आमच्या संस्थेच्या चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात सगळे त्यांना तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'काऊनबाई' म्हणत. आमच्याकडे 'का' असं कुणी विचारत नाही, 'काऊन' विचारतात. 'का' एवढासा आहे, उच्चारला की संपतो. 'काऊन' जरा लांबतो. तेवढ्या वेळात आपण काय मागायला आलो होतो ते माणसाला मनातल्या मनात पुन्हा तपासून घेता येतं. बाई तो शब्द चष्म्याच्या वरून बघत, अजिबात आवाज न चढवता उच्चारत, आणि मागायला आलेला माणूस उगाच शर्टाची बटणं चाचपू लागे.

त्यांच्या ताब्यात दवाखान्याची फायरवॉल होती. दवाखान्यातले सगळे संगणक एकमेकांना जोडलेले, आणि बाहेरचं इंटरनेट जिथून आत येई तिथे हा एक डबा बसवलेला. कोण आत येईल आणि कुठपर्यंत येईल हे डबा ठरवी, आणि डब्याने काय ठरवायचं ते बाई ठरवत. इतर ठिकाणी म्हणे सगळं उघडं ठेवतात आणि त्रास झाला की एकेक बंद करतात. बाईंनी सगळं बंदच ठेवलं होतं. ज्याला जे उघडून पाहिजे त्याने त्यांच्या खोलीत यावं, खुर्चीवर बसावं, चहा घ्यावा आणि काऊन ते सांगावं. बरेच लोक चहा संपायच्या आत उठून जात. हिशेब विभागातल्या एका साहेबांना क्रिकेटचा स्कोअर पाहायचा होता, पण त्यांनी 'औषधांचे दर पाहायचे आहेत' असं सांगितलं. बाईंनी विचारलं, "कायचे दर साहेब? धावांचे?" साहेब चहा तसाच ठेवून गेले.

व्यवस्थापकांना हे फारसं रुचत नसे. एकदा सगळ्यांसमोर ते म्हणाले की बाई, तुम्ही दवाखान्यात नोकरी करता की सरहद्दीवर? बाई म्हणाल्या, "दोन्हीकडं आत येनाऱ्याले विचाराच लागते, साहेब."

हे त्यांच्याकडे घरातूनच आलं होतं. जन्म नागभीडचा, पण वाढल्या भद्रावतीत. वडील एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी होते. गेटवर कुणी आलं की वडील हिंदीत 'कौन' विचारत. शाळेत इंग्रजी शिकल्यावर बाईंना गंमत वाटली ती ही, की वडिलांचा 'कौन' आणि आपला 'काऊन' इंग्रजी अक्षरांत सारखाच लिहिला जातो. मला त्यांनी हे स्वतः सांगितलं होतं. म्हणाल्या, "हा डबा माह्या बापासारखा हाये, कौन म्हनते. कोन ते कोनीबी सांगून देते. काऊन सांगताना मानूस अडकते. म्हनून डब्याच्या मागं मी बसली हावो."

आणखी एक सवय. खोलीत तारांचं जंगल होतं आणि त्यातली कुठली कुणाची हे बाहेरच्या माणसाला कळणं अशक्य. बाई तारांवर आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावत नसत. जुन्या लुगड्यांचे काठ फाडून त्यांच्या चिंध्या बांधत. प्रयोगशाळेला लाल काठ, औषधांच्या खोलीला पिवळा. चिठ्ठी कुणीही वाचतं, असं त्यांचं म्हणणं. लुगड्याचा काठ ज्याने बांधला त्यालाच कळतो.

मी संस्थेच्या लहान दवाखान्यात कामाला होतो, एटापल्लीच्याही पुढे, जंगलात. बाहेरून परीक्षा देऊन पदवीचं शेवटचं वर्ष चाललं होतं आणि दवाखान्यात संगणकाचं काम मीच बघत होतो. आमच्याकडे सिकलचे पेशंट पुष्कळ; सिकल म्हणजे आईबापाकडून आलेला रक्ताचा आजार, अंगातलं रक्त कमी होतं आणि बाहेरून द्यावं लागतं. त्यांच्या सगळ्या तपासण्या चंद्रपूरला होत, नोंदी तिथल्या संगणकात राहत, आणि लागल्या की आम्ही फोनवरून विचारून घेत असू. एकदा चंद्रपूरहून वाचणाऱ्याने भलत्याच बाईची नोंद वाचली. दोघींचं नाव एक, नवऱ्याचं नाव एक, गावं शेजारशेजारची. आमच्या डॉक्टरसाहेबांना शंका आली आणि त्यांनी रक्त पुन्हा तपासलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून ते म्हणाले, फोनवर ऐकून मी कुणालाही रक्त लावणार नाही. नोंद मला माझ्या डोळ्यांनी दिसली पाहिजे.

याचा अर्थ चंद्रपूरच्या भिंतीतून आमच्यासाठी वाट काढायची. आणि ती वाट पावसाळ्याआधी व्हायला हवी होती, कारण नाला भरला की आमच्याकडून गाडी निघत नाही. मला दुसरीही काळजी होती. माझी धाकटी बहीण शेवंता सिकलची पेशंट. आदल्या वर्षी चंद्रपूरला तिला रक्त लावल्यावर हुडहुडी भरली होती, ती कशीबशी वाचली होती. तिला कुठलं रक्त चालतं आणि कुठलं नाही, हे त्यानंतर शोधून तिथल्या नोंदीत ठेवलं होतं.

मी बसने चंद्रपूरला गेलो. रस्ताभर एक वाक्य पाठ केलं होतं. बाईंनी चहा दिला, विचारलं, "काऊन?" मी म्हटलं, "ग्रामीण भागातील आरोग्यसेवेची कार्यक्षमता वाढवण्यासाठी."

"हे तुयं नाई," बाई म्हणाल्या. "हे कोनाचंतरी लिहेल हाये. तुयं सांग."

मग मी शेवंताचं सांगितलं. मला वाटलं आता त्या उठतील आणि काम सुरू करतील. त्या चष्मा पुसत बसल्या.

"बहिनीसाठी मांगून राह्यला ना? मंग नाई," त्या म्हणाल्या. "एकीसाठी खोललं तं उद्या साहेबाच्या साळ्यासाठी खोला लागते. तुया दवाखान्यात असे अजून कोन कोन हायेत ते सांग." मी सांगत गेलो. आठवतील तेवढी नावं, गावं सांगितली. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "त्याईच्यासाठी खोलीन. त्याईच्यात तुई बहीन आलीच."

पण त्यात दिवस जाऊ लागले, मी चंद्रपुरातच थांबून होतो, आणि आकाश भरून येऊ लागलं. नागपूरहून एक इंजिनिअर येत, ते व्यवस्थापकांना म्हणाले की एवढं कशाला, नोंदींचा संगणक सरळ इंटरनेटवर उघडून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. "सब खोल दो मॅडम, चल जाएगा." व्यवस्थापकांनाही ते पटलं. मलाही पटलं, हे सांगितलं पाहिजे. मला पाऊस दिसत होता. बाई एकट्या पडल्या. त्यांनी तिघांकडे पाहून एवढंच विचारलं की त्या संगणकात काय आहे माहीत आहे का. मग माझ्याकडे वळल्या. "कोनाले सिकल हाये हे गावात समजलं तं पोरीचं लगन होत नाई. तुले मालूम नाई का?"

मला मालूम होतं. मी खाली मान घातली. सरळ इंटरनेटवर उघडायचं तिथेच राहिलं.

बाईंनी आमच्यासाठी एक वेगळा लहान डबा लावला. त्यातून एक बोगदा काढला, व्हीपीएन म्हणतात त्याला. एका टोकाला आमचा संगणक, दुसऱ्या टोकाला फक्त नोंदी. बोगद्यातून काय जातं ते बाहेरच्याला दिसत नाही, आणि आम्हालाही नोंदींखेरीज आत दुसरं काही दिसणार नव्हतं. डब्याला त्यांनी हिरवा काठ बांधला. राहिली चावी, म्हणजे दोन्ही टोकांना टाकायचं गुपित वाक्य. ती मी मागितली. बाई म्हणाल्या की चावी त्या कधी लिहून देत नाहीत, आणि या खोलीत तर बोलूनही देत नाहीत, चारचौघं बसलेली असतात. "सारं तयार झालं की तिथून फोन लाव. फोन लागला की मी आधी काय म्हनीन ते ध्यान देऊन आयकजो." मी मान हलवली. मला वाटलं, ध्यान देऊन ऐक असं मोठी माणसं सांगतातच.

मी परतलो आणि पाऊस लागला. रस्ता गेला, मागोमाग फोनची लाइन गेली. मी रोज सकाळी फोन उचलून कानाला लावायचो आणि ठेवून द्यायचो. ज्या दिवशी लाइन आली त्याच दिवशी दुपारी बाबांनी आणि काकांनी शेवंताला बाजेवर घालून आणलं. डोळे हळदीसारखे, ओठ पांढरे, श्वास मोजावा असा. बाबा नदीवर जाळं टाकणारे, धिप्पाड माणूस, पण बाज खाली ठेवल्यावर ते तिच्या पायाशीच बसले.

डॉक्टरसाहेबांनी तपासलं आणि मला बाजूला घेतलं. फ्रिजमध्ये हिच्या गटाच्या दोन पिशव्या आहेत, म्हणाले. पिशव्यांवर त्यांचे सगळे तपशील आहेत, हिचे माझ्याकडे नाहीत. दोन्हीपैकी कुठली चालेल, किंवा एकही चालणार नाही, हे नोंद पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही. आणि अंधार पडेपर्यंत थांबता येईल असं मला वाटत नाही.

आमच्याकडे लाइन एकच. तिच्यावरच फोन, तिच्यावरच इंटरनेट. बोलायचं असेल तर इंटरनेट बंद, इंटरनेट लावायचं तर बोलणं बंद. मी चंद्रपूरला फोन लावला. लागला. पलीकडे खोलीतल्या माणसांचे आवाज येत होते.

"बाई, मी बोलतो आहे. इकडे सगळं तयार आहे. चावी सांगा."

"काऊन पायजे तुले?" बाई म्हणाल्या.

मी सांगितलं. शेवंताला आणलंय, दोन पिशव्या आहेत, डॉक्टरसाहेब थांबले आहेत, सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग पुन्हा तेच, शब्दाला शब्द.

"काऊन पायजे तुले?"

कॉलेजात गेल्यापासून मी कुणाशीही 'मले-तुले' बोललो नव्हतो. वर्गात एकदा हशा झाला होता तेव्हापासून. घरीसुद्धा आईला माझं बोलणं पाहुण्यासारखं वाटे. त्या क्षणी ते सगळं गळून पडलं. "बाई, बहीन मरून राह्यली इथी," मी ओरडलो, "आन् तुमी अजून मले काऊन पायजे, काऊन पायजे इचारून राह्यल्या!"

मग बाई अगदी हळू आवाजात बोलल्या. "मी इचारून नाई राह्यली, बाबू. मी सांगून राह्यली. आधी काय म्हनीन ते आयकजो म्हनलं होतं ना तुले."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी फोन ठेवला, इंटरनेटला नंबर लावला. मॉडेमची ती किरकिर एरवी मला आवडायची. लाइन जुळली. मी चावीच्या जागी बाईंचं ते वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहिलं. नाकारलं. वाटलं एखादं अक्षर चुकलं असेल. पुन्हा लिहिलं. पुन्हा नाकारलं. आता थांबणं भाग होतं. तिसऱ्यांदा चावी चुकली की डबा बराच वेळ कुणाचंच ऐकत नसे. नियम बाईंचाच.

इंटरनेट सोडून पुन्हा फोन. लागेना. नुसती घरघर. दाराशी बाबा येऊन उभे राहिले आणि परत गेले. मी पुन्हा फिरवला, पुन्हा फिरवला. एकदाची घंटा वाजली.

मी म्हटलं, "नाही होत, बाई. बरोबर लिहितो आहे, तरी नाही होत."

"बरोबर लिहून राह्यला, म्हनूनच नाई होत," बाई म्हणाल्या. माणसं अजूनही खोलीत होती, त्यांना अधिक बोलता येत नव्हतं. "तू शिकेल हायेस ना बाबू. मी जशी बोलली तसंच लिही. सुधारू नको."

मी पडद्याकडे पाहिलं. तिथे चावी ठिपक्यांनी झाकलेली होती, पण काय लिहिलं ते मला आठवलं. मी लिहिलं होतं, 'पाहिजे'. मी लिहिलं होतं, 'तुला'. बाई बोलल्या होत्या ते माझ्या आईचं बोलणं होतं, आणि माझ्या हातांनी ते कानातून बोटांपर्यंत येता येता शुद्ध करून टाकलं होतं. दोन्ही वेळा. मला कळलंही नव्हतं.

पुन्हा नंबर, पुन्हा ती किरकिर. या वेळी मी वाक्य आईच्या आवाजात मनात म्हटलं आणि तसंच लिहिलं. पायजे. तुले. पडदा थोडा वेळ कोरा राहिला. मग शेवंताचं नाव आलं, बाबांचं नाव, गाव, आणि खाली सगळं.

डॉक्टरसाहेबांनी उभ्याउभ्या वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. फ्रिजमधून दोन्ही पिशव्या काढल्या, ताडून पाहिल्या, एक परत ठेवली आणि दुसरी घेऊन गेले. त्या परत ठेवलेल्या पिशवीकडे मी कितीतरी वेळ पाहत होतो. पिशव्या दोन्ही दिसायला सारख्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी शेवंताने भात मागितला. मी बाईंना फोन केला. आभार कसे मानावेत याची जुळवाजुळव करून ठेवली होती, पण बाईंनी ते ऐकून घेतलं नाही. म्हणाल्या, "आता हे चावी बदला लागते. तू एवढ्यानं बोंबलला का साऱ्या खोलीनं आयकली."

पुढची काही वर्षं असंच चाललं. मी त्याच दवाखान्यात राहिलो. अधूनमधून बाईंचा फोन येई आणि त्यांचं पहिलं वाक्य म्हणजे नवी चावी. "धान रोवलं का बाबू?" "आज भाजी कायची केली?" मी आता तयार झालो होतो. उत्तर देत नसे. "समजलं, बाई," म्हणून फोन ठेवायचो आणि जसं ऐकलं तसं लिहायचो. 'मले-तुले' मी पुन्हा बोलू लागलो ते याच काळात. आईला बरं वाटलं. नवीन आलेला डॉक्टर एकदा हसला, तर मी त्याला विचारलं, "काऊन हासून राह्यले, साहेब?" त्याला खरंच सांगता येईना.

शेवटचा फोन हिवाळ्यातला. आवाज बारीक वाटला, पण आमच्या लाइनवर सगळ्यांचेच आवाज बारीक येतात. बाई म्हणाल्या, "तुई बहीन कशी हाये?" मी सवयीने "समजलं, बाई," म्हटलं, फोन ठेवला आणि जसं ऐकलं तसं लिहिलं; वाट उघडली. शेवंताचं नुकतंच लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांना तिच्या आजाराचं आम्ही आधीच सांगितलं होतं आणि त्यांनी होकार दिला होता. हे बाईंना चंद्रपूरला जाऊन समोरासमोर सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा माझ्या मोबाईलवर चंद्रपूरहून फोन आला. कुणी नवा मुलगा होता, बोलणं अदबीचं. एटापल्लीकडच्या डब्याची चावी पाहिजे होती, म्हणाला.

"काऊन?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने नीट सांगितलं. जुन्या यंत्रांच्या जागी नवं येणार आहे. बाकी सगळं हलवलं, पण एक हिरवी चिंधी बांधलेला डबा राहिला आहे. त्याची चावी कुणालाच माहीत नाही, ती नव्या यंत्राला दिली नाही तर ऐन पावसाळ्यात तुमचा दवाखाना बंद पडेल. कारण खरं होतं. तरी मी म्हटलं, बाईंना विचारा, त्यांनी सांगितल्याशिवाय मला देता येणार नाही.

तो म्हणाला, "सर, तुम्हाला कुणी कळवलं नाही का? बाई गेल्या. उन्हाळ्यात. नागभीडला, भावाकडे होत्या. बरेच दिवस आजारी होत्या म्हणे, इथे कुणाला बोलल्या नाहीत."

बाहेर ढग दाटले होते. शेवंता माहेरपणाला आली होती. दवाखान्याच्या अंगणात आईशी काहीतरी बोलत उभी होती. मी तिच्याकडे पाहत राहिलो. मुलगा फोनवर 'हॅलो, हॅलो' करत होता.

"तुई बहीन कशी हाये?" मी म्हटलं.

पलीकडे गोंधळ झाला. "मला... मला बहीण नाही, सर."

मी त्याला समजावून सांगितलं. कागदावर लिहू नका, सरळ यंत्रात टाका, म्हटलं. बटणांचा आवाज आला.

"नाही घेत, सर. बरोबर लिहिलंय मी."

"जसं सांगितलं तसं लिहा," मी म्हटलं. "सुधारू नका."